कॉपी न होणारी कॅसेट

माझ्या मोठ्या भावाला लकवा मारला तेव्हा धान कापून झालं होतं, चुरायचं, म्हणजे मळायचं बाकी होतं. माझ्या माहेरी, आंधळगावला, तो सकाळी बैलांना पाणी दाखवून घरी आला आणि वहिनीला काहीतरी म्हणाला. ते तिला कळलं नाही. तिला वाटलं, तोंडात तंबाखूचा खर्रा आहे. मग तो भिंतीला टेकत टेकत खाली बसला आणि उजव्या बाजूला कलला. त्याची तेव्हा पंचेचाळिशीही उलटलेली नव्हती.

मी लग्न होऊन भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आले होते. माझे मिस्टर फॅक्टरीत टर्नर होते. आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि मी दुपारी त्याच्या व्हरांड्यात बायकांना शिवणकाम शिकवत असे. भाऊ भंडाऱ्याच्या दवाखान्यात होता तोवर मी रोज डबा घेऊन जायची. पुढे तो घरी गेला. दीड-दोन महिन्यांत बोलणं बरंचसं परत आलं. पाय ओढत का होईना, चालू लागला. पण उजवा हात तसाच राहिला, दुसऱ्या कोणाचा तरी हात त्याच्या खांद्याला बांधून दिल्यासारखा.

दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं की हात हलवत राहा. कसा हलवायचा, ते कोणी सांगितलं नव्हतं. वहिनी सकाळ-संध्याकाळ तेल लावायची, मनगट धरायची आणि हात डोक्याच्या वर ओढायची. भाऊ दात खाऊन बसायचा. मी एकदा म्हटलं, "हळू कर ना, वहिनी." ती म्हणाली, "हळू केलं तर कसा मोकळा होईल तो?" मलाही ते पटलं. मीही एक-दोनदा तसाच ओढला.

आमच्या कॉलनीच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचे ब्लाऊज मी शिवत असे. एकदा माप घेता घेता भावाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या आईला हेच झालं होतं. माझी बहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिनं तेव्हा व्यायामाची व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. तुमच्याकडे व्हीसीआर आहे का?"

व्हीसीआर कुठला? आमच्याकडे टीव्हीच दोन वर्षांपूर्वी आला होता. पण कॉलनीच्या क्लबमध्ये व्हीसीआर होता. डॉक्टरीणबाईंनी कॅसेट दिली आणि सांगितलं, "आठ दिवस ठेवा. त्यानंतर मला नागपूरला एकांकडे द्यायची आहे, मी शब्द दिला आहे."

रविवारी सकाळी मिस्टरांनी क्लबच्या हॉलची किल्ली मागून घेतली आणि आम्ही दोघांनी ती कॅसेट पाहिली. पाऊण-एक तासाची होती. निळ्या स्वेटरमधली एक गोरी बाई, खुर्चीवर बसलेला एक म्हातारा आणि समोर टेबल. बस, इतकंच. बोलणं इंग्रजी, त्यातलं मला थोडंच कळलं. पण हात कळत होते. ती बाई प्रत्येक व्यायामाच्या आधी चुकीची रीत दाखवायची आणि पडद्यावर मोठी फुली यायची. मग बरोबर रीत. पहिल्याच फुलीखाली मला वहिनी दिसली. म्हणजे त्या बाईनं म्हाताऱ्याचं मनगट धरून हात अगदी तसाच वर ओढला होता.

मी मिस्टरांना म्हटलं, "आपण त्याचा खांदा उपटून राहिलो होतो."

ते म्हणाले, "हिची कॉपी करून घेऊ. तुझ्या गावात तो भाड्यानं व्हिडिओ दाखवणारा आहेच. महिन्यातून दोनदा लावायला सांगू."

भावाला आमच्याकडे आणून कॅसेट दाखवावी, असंही मनात आलं होतं. पण तो बैल सोडून यायला तयार नव्हता, आणि एकदा पाहून भागणार नव्हतंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वर्षभर करावं लागेल. तेव्हा कॉपीच बरी.

भंडाऱ्याला बस स्टँडच्या मागे एक व्हिडिओ लायब्ररी होती. मालक आधी रेडिओ दुरुस्त करायचा. दुकानात दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून ठेवलेले, दिवसभर एकीकडून दुसरीकडे सिनेमे उतरत असायचे. आम्ही सोमवारी त्याच्याकडे कॅसेट आणि एक कोरी कॅसेट दिली. तो म्हणाला, "ठेवून जा जी. उद्या घेऊन जाजा."

दुसऱ्या दिवशी गेलो तर त्याचं तोंड उतरलेलं. मला वाटलं, कॅसेट हरवली की काय.

"भाऊ, हे काही धड उतरून नाही राहिली," तो मिस्टरांना म्हणाला. "तीन डाव केली. पाहा."

त्यानं कॉपी लावली. निळ्या स्वेटरवाली बाई आली, टेबलाजवळ बसली, आणि पडदा हळूहळू काळवंडत गेला. संध्याकाळ व्हावी तसा. बाईचे हात दिसेनासे झाले. मग एकदम उजेड आला, इतका की म्हाताऱ्याचं तोंड पांढरं फटक. पुन्हा अंधार. मधूनच चित्र वरच्या बाजूला वाकडं व्हायचं. हात नेमका कुठे धरला आहे, तेच दिसेना. आम्हाला त्या कॅसेटमधून दुसरं काहीही नको होतं.

मी विचारलं, "कॅसेट खराब झाली का?"

"ओरिजिनल तर मस्त चालते. ते काय." त्यानं मूळ कॅसेट लावून दाखवली. खरंच, स्वच्छ. "मले वाटलं मशीनचं हेड घाण झालं. स्पिरिटनं पुसलं. वायरी बदलल्या. इकडचं मशीन तिकडे, तिकडचं इकडे. तेच. मंग माझ्या डोक्यात आलं, एका नागपूरवाल्यानं सांगतलं होतं मागं."

त्यानं मागच्या खोलीतून एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. त्याच्या मागे एक बारीक खुंटी होती. ती पिळली की चित्र वर पळायला लागतं. त्यानं ती अगदी थोडी पिळली. चित्र हळूहळू वर सरकू लागलं आणि एका चित्राचा खालचा काठ आणि पुढच्याचा वरचा काठ यांच्यामध्ये एक काळा पट्टा दिसला. नेहमी तो पडद्याच्या बाहेर असतो. त्या काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके होते, चौकोनी, ओळीनं. ते एकदम लखलखायचे, मग विझत जायचे, पुन्हा लखलखायचे.

"हा पाहा. हेच ते कुलूप."

मग त्यानं समजावून सांगितलं. कॉपी करणारं मशीन येणाऱ्या चित्रात उजेड किती आहे ते आपोआप मोजतं. जास्त असला तर कमी करतं, कमी असला तर वाढवतं. हे मोजण्यासाठी ते नेमकं त्या काळ्या पट्ट्यात पाहतं. कंपनीनं तिथे खोटा उजेड भरून ठेवला आहे. मशीन फसतं, त्याला वाटतं चित्र फार लख्ख आहे, म्हणून ते सगळंच अंधारं करतं. ठिपके विझले की पुन्हा उजेड वाढवतं. टीव्ही तिथे पाहतच नाही, म्हणून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

मला ते लगेच कळलं. कपड्याच्या आत शिवणीत दाबलेलं कापड असतं, वरून घालणाऱ्याला ते दिसत नाही, पण जो उसवून माप काढायला जातो त्याला तेच पहिल्यांदा दिसतं. तिथेच कोणी चुकीच्या खुणा करून ठेवल्या तर दुसरा शिंपी फसणारच.

मिस्टर फॅक्टरीतले, त्यांना पुढचा प्रश्न सुचला. "ते ठिपके काढता येत नाही का?"

"येते. ते भाग कापणारी एक पेटी बनवा लागते. बनवणं मोठी गोष्ट नाही, पण ठिपके नेमके कोणत्या रेघांवर आहेत ते मोजाले स्कोप पाहिजे, सिग्नल पडद्यावर दाखवते ते यंत्र. माझ्याजवळ कुठला? नाहीतर एखादं जुनं मशीन पाहिजे, हे मोजणं ज्याले येतच नाही. तुमसरले एका ठेकेदाराकडे होतं तसं."

मी म्हटलं, "पण असं करतात काहून? व्यायामाच्या कॅसेटले कायचं कुलूप?"

तो हसला. "माझ्यासारख्या लोकांसाठी, वहिनी." त्याच्या मागे भिंतभर कॅसेटी होत्या, आणि त्यातल्या बहुतेक कॉपीच्या कॉपी होत्या, हे त्याला माहीत होतं आणि आम्हालाही. "मी सिनेमे उतरवतो. तिकडे दवाखानेच एक कॅसेट घेऊन दहा उतरवत असतील. ज्यानं बनवली तो काय करील?"

बुधवारी मिस्टर सुट्टी टाकून तुमसरला जाऊन आले. ठेकेदाराकडे ते जुनं मशीन होतं, पण त्याचं हेड गेलेलं, वर कापड झाकून टीव्हीखाली ठेवलेलं. लायब्ररीवाल्यानं आणखी एक उपाय सुचवला होता, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून टीव्हीच्या पडद्याचंच शूटिंग करून घ्यायचं. पण लग्नसराई होती. शूटिंगवाल्यानं सांगितलं, पंधरा दिवस तरी येता येणार नाही. आणि कॅसेट तर रविवारी परत द्यायची होती.

त्या दिवशी भाकरी करताना मी ठरवलं की आपण चित्रं काढायची. मला चित्रकला येत नव्हती. पण माणसाच्या अंगाची मापं येत होती. खांदा कुठे, कोपर कुठे, मनगट कुठे, हे मी रोज बायकांना कागदावर काढून देत होते. मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "सगळं काढशील?" मी म्हटलं, "हात तेवढे काढीन."

क्लबचा चौकीदार भला माणूस होता. गुरुवारपासून रोज दुपारी एक ते चार तो मला हॉल उघडून द्यायचा. त्या वेळी माणसं शिफ्टवर, बायका झोपलेल्या. मी शिवणाच्या बायकांना चार दिवस सुट्टी दिली. कॅसेट लावायची, हवं तिथे थांबवायची, काढायचं. थांबवलेलं चित्र थरथरायचं, त्यात आडवा पट्टा यायचा, आणि चार-पाच मिनिटांनी मशीन स्वतःच सुटायचं. मग मागे घ्या, पुन्हा थांबवा. पहिल्या दिवशी पाच चित्रं झाली आणि ती पाहून मला रडू यायला लागलं, कारण बोटं कोणाची आणि कोणत्या हाताची, तेच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी युक्ती सुचली. आजारी हात रेघा मारून काळा करायचा, चांगला हात कोरा ठेवायचा. मग सोपं झालं. हात कोणत्या दिशेनं न्यायचा त्याचे बाण आणि चुकीच्या रीतीवरच्या फुल्या मी कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीनं काढल्या. ती हातातच असायची.

शनिवारी डॉक्टरीणबाई दवाखाना आटोपून तासभर येऊन बसल्या आणि इंग्रजी बोलण्याचं मराठी करून सांगितलं. त्या पुस्तकी सांगायच्या, मी आपल्या बोलण्यात लिहायची. 'चांगल्या हाताच्या बोटात आजारी हाताची बोटं घाला. दोन्ही हात संगं टेबलावर समोर सरकवा. दुखलं का थांबा. मनगटाले धरून वर ओढू नका.' रविवारी दुपारी शेवटचं चित्र झालं. एकूण चाळीसच्या वर झाली असतील. संध्याकाळी कॅसेट परत केली. डॉक्टरीणबाईंनी वही चाळून पाहिली आणि दोन ठिकाणी कोपराचा कोन दुरुस्त करून दिला. त्या कंपनीला पत्रही लिहिणार होत्या, की या देशात अशी कॅसेट मिळत नाही, कॉपीची परवानगी द्या. लिहिलं का, उत्तर आलं का, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी वही घेऊन आंधळगावला गेले. भावानं पहिलं पान पाहिलं आणि अडखळत विचारलं, "हा बुढा कोण आय?"

"तूच आहेस."

"मंग मले बुढा काहून केलं?"

त्यानंतर प्रत्येक वेळी व्यायामाला बसताना तो म्हणायचा, "आण त्या बुढ्याले." वहिनीला वाचता येत नव्हतं, पण चित्रं तिला माझ्यापेक्षा चांगली कळली. ती वही भिंतीला टेकवून ठेवायची आणि चित्राशी भावाचा हात ताडून पाहायची. मनगट ओढणं तिनं त्याच दिवशी बंद केलं. मला म्हणाली, "मी इतके दिवस त्याईले त्रास देऊन राहिली होती. कोणी सांगतलं नाई, बाई." होळीच्या सुमारास भावाचा अंगठा हलला. थोडाच, पण त्याच्या मनानं हलला. वहिनीनं शेजारणीला बोलावून दाखवला.

गावात एक कंपाउंडर होता, सुया देत फिरायचा. त्यानं ती वही पाहिली आणि एक दिवसासाठी मागून नेली. भंडाऱ्याला कोर्टासमोर झेरॉक्सचं नवीन दुकान निघालं होतं. तिथून त्यानं सगळ्या पानांच्या प्रती काढल्या आणि आजूबाजूच्या गावांत ज्यांच्या घरी लकव्याचं माणूस होतं त्यांना दिल्या. हेतू वाईट नव्हता. पण आम्हाला कोणाला सांगितलं नाही.

उन्हाळ्यात आंबागडचा एक माणूस वहिनीकडे आला. त्याच्या आईला लकवा होता. हातात ते झेरॉक्सचे कागद होते. तो म्हणाला, "आमी कागदावरचं सगळं रोज करून राहिलो, पण बुढीचा खांदा सुजला. आता हात लावू देत नाही." वहिनीनं कागद उजेडात धरले आणि लगेच म्हणाली, "यात निळं नाई."

झेरॉक्सच्या मशीनला फिकं निळं दिसत नव्हतं. बाण गेले होते आणि फुल्याही गेल्या होत्या. जे करू नये म्हणून दाखवलं होतं, ते करा म्हणून छापलं गेलं होतं. खाली मी लिहिलं होतं, पण त्या घरात वाचणारा तोच एक, आणि त्यानं चित्रं पाहूनच आईचा हात ओढला होता.

निरोप मिळाला तशी मी आंधळगावला गेले आणि वहिनीला घेऊन आंबागडला. म्हातारी छपरीत बाजेवर होती. खांदा लाल, हात पोटाशी धरलेला. मी तिच्याजवळ बसले. मी म्हटलं, "माय, ते चित्र मी काढलं होतं. त्यावर फुली होती, ती उतरली नाही."

ती म्हणाली, "तू कायले वाईट वाटून घेतं? माया पोरानंच ओढला." मग वहिनीनं तिच्या पोराला हात कसा आधारानं धरायचा ते करून दाखवलं, खांद्याखाली गोधडीची घडी कशी ठेवायची तेही. मी नुसती पाहत होते.

परत येताना बसमध्ये मी कंपाउंडरवर फार चिडले होते. न विचारता माझी वही उतरवली, आणि उतरवली ती अर्धवट. वहिनी सगळं ऐकून घेत होती. मग तिनं सहज विचारलं, "पण तू बी त्या गोऱ्या बाईले कुठं विचारलं होतं?"

त्या कंपनीला आंबागडच्या म्हातारीच्या खांद्याची काळजी होती म्हणून तिनं कुलूप लावलं, असं काही नव्हतं. तिला तिच्या विक्रीची काळजी होती. आणि मी चित्रं काढली नसती तर भावाचा खांदा गेला असता, याबद्दलही मला शंका नव्हती. तरी स्वतः मेहनत करून केलेली वस्तू आपल्या हातून सुटून कुठेही, कशीही उतरली जाते तेव्हा काय वाटतं, ते मला त्या बसमध्ये पहिल्यांदा कळलं. मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आता वही कोणाला देऊ नको." मी दोन दिवस तसंच ठरवून होते. पण कागद तर गावोगावी गेलेच होते. माझी वही पेटीत ठेवून ते परत येणार नव्हते.

तेव्हा मी ती वही पुन्हा पहिल्या पानापासून काढली, या वेळी सगळी काळ्या शाईनं. फुल्या जाड केल्या, पानभर. प्रत्येक चुकीच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'असं करू नका.' मग ती घेऊन कंपाउंडरकडे गेले. त्याला आंबागडचं आधीच कळलं होतं. तो मान वर करून बोलेना.

मी म्हटलं, "काका, हिच्या पाहिजे तितक्या कॉप्या करा. पण आधीचे कागद परत आणा. आणि ज्याले द्याल त्याले एकदा करून दाखवा."

"मलेच नाई येत करता."

"तर माझी वहिनी शिकवते तुमाले."

आणि वहिनीनं खरंच शिकवलं. भावाला खुर्चीवर बसवून, त्याचा हात धरून, दोन दुपारी. कंपाउंडर पँट सावरत समोर बसून तिचं पाहून करायचा. भाऊ वैतागायचा, "माया हात का शाळेतला नकाशा आय?" जुन्या कागदांचे तीन गठ्ठे परत आले. चौथा कोणाकडे गेला ते कंपाउंडरला आठवत नव्हतं. त्याचा मला पुढे कितीतरी दिवस घोर लागून होता. आंबागडच्या म्हातारीच्या खांद्याची सूज दोन-तीन महिन्यांत उतरली. हात मात्र परत आला नाही.

त्या वर्षी धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या वेळी मी आंधळगावला होते. भाऊ बांधीतल्या चिखलात उतरला नाही. शेताच्या कडेला धुऱ्यावर गोणपाट टाकून बसला होता आणि रोवणाऱ्या बायकांना पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या फेकून देत होता. फेकायचा डाव्या हातानं, पण पेंडी सुटू नये म्हणून उजव्या हातानं मांडीवर दाबून धरायचा. एका बाईनं म्हटलं, "पाटील, पेंडी तोंडावर येते ना जी." तो म्हणाला, "मंग थोडी बाजूला सरक. हात अजून नवा आहे."

पुढल्या वर्षी तो काठी घेऊन चिखलात उतरला. शर्टाच्या गुंड्या लावायला त्याला त्यानंतरही बराच काळ लागला. गळ्याजवळची गुंडी कधी जमली नाही, ती वहिनी लावायची.